मोजता न येणारी शस्त्रं

रशियातल्या व्होटकिन्स्क शहरात क्षेपणास्त्रांचा मोठा कारखाना आहे. १९८८ पासून १३ वर्षं त्याच्या फाटकाशी अमेरिकी निरीक्षक मुक्काम ठोकून होते. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन आणि सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्यातल्या, मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवरच्या १९८७ च्या आयएनएफ करारानं एसएस-२० क्षेपणास्त्रावर बंदी आली होती. त्याच कारखान्यातल्या एसएस-२५ ला मात्र मुभा होती. दोन्हींचा पहिला टप्पा बाहेरून जवळपास सारखाच. मग फाटकातून निघालेल्या मालगाडीच्या डब्यात नेमकं काय आहे, हे ओळखायचं कसं? त्यासाठी तिथे अख्ख्या डब्याच्या आत पाहू शकणारं क्ष-किरण यंत्र बसवलं गेलं. सोव्हिएत निरीक्षकही अमेरिकेत यूटा राज्यातल्या कारखान्याबाहेर असेच बसले होते. १९९१ च्या मध्यापर्यंत दोन्ही देशांनी मिळून २,६९२ क्षेपणास्त्रं नष्ट केली.

हे जमलं, कारण क्षेपणास्त्र लपवणं अवघड असतं. शस्त्रनियंत्रण म्हणजे मुळात मोजदाद. आवाजाच्या पाचपट किंवा त्याहून जास्त वेगानं जाणारी हायपरसॉनिक अस्त्रंसुद्धा काही प्रमाणात या मोजदादीत बसतात. रशियानं आपलं ‘अवानगार्ड’ हे असंच अस्त्र २०१९ मध्ये न्यू स्टार्ट या अमेरिकेबरोबरच्या अण्वस्त्र-मर्यादा कराराखाली अमेरिकी निरीक्षकांना दाखवलं होतं.

आता एक छोटा ड्रोन समोर ठेवा. चार पंखे, कॅमेरा, बॅटरी, एक चिप. लक्ष्य माणूस निवडतो की सॉफ्टवेअर, हे त्याच्याकडे बघून कळणारच नाही, कारण फरक आहे तो प्रोग्राममध्ये. निरीक्षकांनी तपासून शिक्का मारला आणि ते विमानात बसले, की तासाभरात नवं सॉफ्टवेअर चढवता येतं. शिवाय आपल्या शस्त्राचा प्रोग्राम परक्याला दाखवायला कुठलं सैन्य तयार होईल? स्वायत्त शस्त्रांवर जिनिव्हात २०१४ पासून चर्चा चालू आहे, आणि एवढ्या वर्षांत ‘स्वायत्त’ कशाला म्हणायचं यावरही एकमत झालेलं नाही. मला यातली सर्वांत मोठी अडचण राजकारणापेक्षा पडताळणीची वाटते. जे तपासता येत नाही, त्यावर सही करायला देश कचरतात.

अवकाशातही तोच पेच. चीनच्या ‘शिजियान-२१’ उपग्रहानं २०२२ मध्ये एक बंद पडलेला उपग्रह ओढून दूरच्या कक्षेत नेऊन सोडला. काम उपयोगाचंच; पण असा हात दुसऱ्याच्या चालू उपग्रहालाही धरू शकतो. या यंत्रावर बंदी घातली, तर कचरा उचलणंही बंद.

पण अवकाशातच एक वाट दिसते. नोव्हेंबर २०२१ मध्ये रशियानं स्वतःचा जुना उपग्रह क्षेपणास्त्रानं फोडला. रडारवर दिसतील एवढे १,५०० हून जास्त तुकडे झाले आणि अवकाश स्थानकातल्या अंतराळवीरांना परतीच्या यानांत आसरा घ्यावा लागला. अशी चाचणी लपत नाही. पुढच्याच वर्षी, अशा विध्वंसक चाचण्या करू नयेत या ठरावाला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५५ देशांनी पाठिंबा दिला. तो बंधनकारक नाही, तरी त्याची दिशा मला पटते: यंत्र मोजता येत नसेल, तर जगाला दिसणारी कृती रोखायची.

ड्रोनच्या बाबतीत अशी दिसणारी कृती कोणती, हे शोधायला एकमेकांच्या तळांवर जाऊन आलेली माणसं लागतील. न्यू स्टार्टखाली वर्षाला १८ तपासण्यांची सोय होती. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे त्या थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत.