हेलि-कॉप्टर की हेलिको-प्टर?

‘हेलिकॉप्टर’ कुठे तोडायचा असं विचारलं तर दहापैकी नऊ जण ‘हेलि’पाशी तोडतील. ‘हेलिपॅड’ त्यातूनच आला. पण १८६१ मध्ये हा शब्द घडवणाऱ्या फ्रेंच गुस्ताव्ह द पाँतों दामेकूर यांनी सांधा दुसरीकडे ठेवला होता. ‘हेलिको’ म्हणजे मळसूत्री आणि ‘प्टेर’ म्हणजे पंख. शब्दाच्या सुरुवातीला ‘प्ट’ इंग्रजी जिभेला जमत नाही, म्हणून तिने तो मधूनच फोडला.

सोलापुरात सेमी-इंग्रजीच्या मुलांना विज्ञानातले शब्द टाळ्या वाजवून तोडायला शिकवलं, की ‘फो-टो-सिन्-थे-सिस’ पाच टाळ्यांत पाठ होतो. ग्रीकमध्ये फोटो म्हणजे प्रकाश, सिन् म्हणजे एकत्र आणि थेसिस म्हणजे मांडणं. इथे टाळी आणि अर्थाचा सांधा नशिबाने जुळतात. एरवी दोन्ही तोडी निराळ्या, कारण त्यांचे इतिहासच निराळे.

अर्थाची तोड मुख्यतः पॅरिसमधून आली. १७८७ मध्ये लव्हाझिए आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी रसायनांना पद्धतशीर नावं दिली. ‘व्हिट्रिऑलचं तेल’ (म्हणजे सल्फ्युरिक आम्ल) अशा जुन्या नावांतून आत काय आहे ते कळत नसे. नव्या पद्धतीत प्रत्यय बोलू लागले: सल्फेटमध्ये ऑक्सिजन जास्त, सल्फाइटमध्ये कमी. मात्र ‘ऑक्सिजन’ म्हणजे आम्ल घडवणारा, आणि हे नाव चुकीचं निघालं. ऑक्सिजन नसलेलीही आम्लं असतात. आपला ‘प्राणवायू’ या बाबतीत सरस म्हणायचा!

पुढे १८३४ मध्ये शास्त्रज्ञ फॅरेडेंनी केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्युएल यांच्याकडून ‘ॲनोड’ आणि ‘कॅथोड’ हे विजेच्या अग्रांसाठीचे शब्द घेतले. ॲना म्हणजे वर, होडोस म्हणजे वाट. जोडताना मधला स्वर गळला, ‘ह’ही गेला, आणि तोंडात उरलं ‘ॲ-नोड’. ॲनोडला मराठी पाठ्यपुस्तकात ‘धनाग्र’ म्हणतात, त्याचंही तेच. धन अधिक अग्र हा विग्रह संधी शिकलेल्या मुलाला लगेच सुचतो, पण उच्चारताना कोणी ‘धन’पाशी थांबत नाही.

उच्चाराची तोड छापखान्यांनी आणि शाळांनी रुजवली. जुनी इंग्रजी स्पेलिंगची पुस्तकं लॅटिनच्या वळणाने ‘क्ल-स्टर’ तोडत. अमेरिकी कोशकार नोआ वेब्स्टर यांनी १७८३ च्या आपल्या पुस्तकात कानाचं ऐकून ‘क्लस्-टर’ केलं. आजही ओळीच्या शेवटी अमेरिकी छपाई साधारणपणे ‘फोटॉग्-रफी’ तोडते, तर ब्रिटिश परंपरेचा कल ‘फोटो-ग्राफी’कडे. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्या अक्षरावर असतो, ‘-ई’ लागताच तो ‘टॉ’वर सरकतो आणि ‘ग’ला मागे ओढतो. संगणकाला शब्द कुठे तोडायचा ते कळावं म्हणून फ्रँक लियांग यांनी १९८३ मध्ये ४४४७ अक्षरजुळण्यांचा संच काढला. टेक (TeX) या छपाईसाठी मजकूर जुळवणाऱ्या संगणक प्रणालीत तो रुळला.

सोलापूरच्या पूर्व भागात आणखी एक गंमत. तेलुगू वळणाची जीभ शेवटच्या व्यंजनाला ‘उ’ जोडते, ‘बस’चं ‘बस्सु’ होतं. तिथे एक टाळी वाढणारच.

आपल्याकडेही कान आणि लेखणीचं पटत नाही. ‘सत्य’ लिहिताना ‘स’ एकटा, पण गण पाडताना तो गुरू धरतात, कारण ‘त्’ त्याच्याकडे जातो. या कानाने हेलिकॉप्टर ‘हे-लि-कॉप्-टर’ होतो. देवनागरी लेखणी मात्र ‘प्ट’ अखंड ठेवते आणि ग्रीक सांध्यापाशीच ‘हेलिकॉ-प्टर’ तोडते.