कॉन्ट्रा खरोखर किती अवघड होता?

कॉन्ट्रा हा धावत, उड्या मारत शत्रूंवर गोळ्या झाडण्याचा व्हिडिओ गेम ८-बिट काळातल्या, म्हणजे १९८० च्या दशकातल्या घरगुती यंत्रांच्या काळातल्या, सर्वांत अवघड गेमपैकी एक होता, असे इंग्रजीतल्या जवळजवळ प्रत्येक यादीत वाचायला मिळते. महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात वाढलेल्या कुणालाही विचारले, तर तो मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत भावंडांबरोबर एका दुपारी संपवल्याची आठवण सांगतो. ही दोन्ही विधाने खरी आहेत. त्यांच्यात विरोध भासतो, कारण बोलणारे एकाच नावाचा, पण वेगवेगळ्या अटींवर चालणारा गेम खेळलेले असतात. म्हणून काठिण्याचा निवाडा करण्याआधी या अटी कशा घडल्या हे पाहणे आवश्यक आहे.

मूळ कॉन्ट्रा १९८७ साली जपानमध्ये कोनामी या कंपनीने नाण्यावर चालणाऱ्या यंत्रासाठी तयार केला. नाणे टाकून खेळायच्या गेमला खेळाडू फार वेळ यंत्रापाशी थांबणे परवडत नाही आणि एका गोळीत मृत्यू हा नियम तिथूनच आला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९८८ मध्ये, त्याच कंपनीने तो घरगुती यंत्रासाठी नव्याने बांधला. जपानमध्ये ते यंत्र फॅमिकॉम म्हणून, तर अमेरिकेत एनईएस म्हणून विकले जात होते. या घरगुती रूपात जंगल, पहिला तळ, धबधबा, दुसरा तळ, बर्फाचे मैदान, ऊर्जाक्षेत्र, हँगर आणि परग्रहवासीयांचे बिऱ्हाड असे आठ टप्पे झाले. तळांच्या टप्प्यांतली वेळेची मर्यादा काढून टाकण्यात आली. जपानी आवृत्तीत टप्प्यांदरम्यान नकाशा दिसतो, झाडांची पाने हलतात आणि बर्फ पडतो. अमेरिकी आवृत्तीत हे काही नाही. खेळण्याची रीत मात्र दोन्हींत सारखीच आहे.

अमेरिकी आवृत्तीच्या संदर्भात एक गैरसमज येथेच दूर केला पाहिजे. अमेरिकेत त्या काळी गेम दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने मिळत आणि तेवढ्या वेळात तो संपू नये म्हणून निर्मात्यांनी मुद्दाम काठिण्य वाढवले, असे स्पष्टीकरण हमखास दिले जाते. भाड्याच्या व्यवसायावरून तिथे खरोखरच मोठा वाद होता आणि १९८९ साली तो गेमसोबतच्या माहितीपुस्तिकांच्या छायाप्रतींच्या निमित्ताने न्यायालयातही गेला. याच मालिकेतल्या १९९४ च्या ‘हार्ड कोर’ या गेमकडे पाहिले तर या स्पष्टीकरणात तथ्य वाटते. त्याच्या जपानी आवृत्तीत खेळाडू तीन फटके सोसू शकतो आणि हवे तितके कंटिन्यू, म्हणजे हरल्यावर खेळ पुढे चालू ठेवण्याची मुभा, घेऊ शकतो, तर अमेरिकी आवृत्तीत एकाच फटक्यात मरतो आणि कंटिन्यूही मोजके मिळतात. परंतु १९८८ च्या कॉन्ट्राला हे कारण चिकटवणे चूक आहे. जपानमध्ये हक्कधारकाच्या परवानगीशिवाय गेम भाड्याने देता येत नसे, तरीही तिथला कॉन्ट्रा अमेरिकेतल्याइतकाच कठोर होता. त्याचे काठिण्य नाण्याच्या यंत्राकडून वारशाने आलेले आहे.

आता सगळ्या वादाच्या मुळाशी असलेल्या प्रश्नाकडे वळू, तो म्हणजे तीस लाइफचा, अर्थात मरून पुन्हा खेळायच्या तीस संधींचा. शीर्षकाचे चित्र पडद्यावर असताना वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, बी, ए अशी बटणे दाबून स्टार्ट दाबले की तीन लाइफऐवजी तीस मिळतात, आणि दोघांनी खेळायचे असल्यास स्टार्टच्या आधी सिलेक्ट दाबावे लागते. हा क्रम मुळात कॉन्ट्राचा नाही. १९८६ साली ‘ग्रॅडियस’ हा अंतराळयुद्धाचा गेम फॅमिकॉमवर आणताना त्यावर काम करणाऱ्याला स्वतःचाच गेम तपासण्यापुरताही पार करता येईना, म्हणून त्याने सगळी शस्त्रे एकदम देणारा हा क्रम घालून ठेवला आणि बाजारात जाणाऱ्या प्रतीतही तो राहून गेला. पुढे कंपनीच्या इतर गेममध्ये तो जाणीवपूर्वक वापरला गेला आणि त्याची खरी कीर्ती झाली ती कॉन्ट्रामुळे. मात्र पुढचा भाग, ज्याला आपल्याकडे ‘सुपर कॉन्ट्रा’ म्हणत, त्यात हा क्रम चालत नाही. तिथे निराळा क्रम आहे आणि लाइफही दहाच मिळतात.

तीस म्हणजे नेमके किती, हेही वाटते तितके सरळ नाही. प्रत्येक टप्प्याच्या आधी काळ्या पडद्यावर गुणांखाली ‘रेस्ट’ असा शब्द आणि एक आकडा येतो. नेहमीच्या खेळात हा आकडा ०२ असतो आणि क्रम वापरल्यास २९. या ‘रेस्ट’चा विश्रांतीशी संबंध नाही, उरलेले, शिल्लक, असा त्याचा अर्थ आहे, आणि हातात असलेली लाइफ त्यात मोजलेली नसते. म्हणजे तीन दाखवायच्या जागी दोन आणि तीसच्या जागी एकोणतीस दिसतात. आमच्याकडे यावरून एक लाइफ कॅसेटने खाल्ली अशी तक्रार नेहमी होत असे. खेळ सुरू झाल्यावर डाव्या कोपऱ्यात लाइफसाठी पदकांची चित्रे दिसतात, पण ती चारापेक्षा जास्त कधीच दिसत नाहीत. त्यामुळे तीस घेऊन खेळणाऱ्याला आपल्याजवळ पंचवीस उरल्या आहेत की पाच, हे टप्पा संपेपर्यंत कळत नाही.

यापेक्षाही महत्त्वाचा हिशेब कंटिन्यूचा आहे. सगळ्या लाइफ संपल्यावर तीन वेळा कंटिन्यू घेता येते आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला मिळाल्या तितक्याच लाइफ पुन्हा मिळतात. म्हणजे क्रम न वापरणाऱ्याला एका खेळात चार वेळा तीन, अशा बारा लाइफ मिळतात, तर क्रम वापरणाऱ्याला चार वेळा तीस, अशा एकशेवीस. गुणांवर मिळणाऱ्या जादा लाइफ यात धरलेल्या नाहीत. शिवाय मेलेला खेळाडू जिथे मेला तिथेच पुन्हा उभा राहतो आणि काही क्षण त्याला कशानेही इजा होत नाही. त्यामुळे तीस लाइफवाल्याला कुठलीही जागा शिकावी लागत नाही. मरत मरत पुढे सरकले तरी चालते. बारा लाइफवाल्याला हा मार्ग बंद असतो, कारण कंटिन्यू घेतले की चालू टप्पा पहिल्यापासून खेळावा लागतो. ‘मी कॉन्ट्रा संपवला’ या एकाच वाक्यात हे दोन्ही अनुभव सामावले जातात आणि वाद इथेच अडकतो. माझ्या मते क्रम वापरून गेम संपवण्यात गैर काहीच नाही, निर्मात्यांनीच ते दार ठेवले आहे. पण त्या खेळावरून गेमचे काठिण्य जोखू नये.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर हा प्रश्न आणखी एका पायरीने वेगळा होतो. येथे कॉन्ट्रा आला तो मूळ यंत्रावर नव्हे, तर त्याच्या नकलेवर, ज्याला सगळे ‘टीव्ही गेम’ किंवा ‘व्हिडिओ गेम’ म्हणत. त्यासोबतच्या कॅसेटवर अनेक गेम एकत्र असत आणि आवरणावर नऊशे नव्याण्णव, नऊ हजार नऊशे नव्याण्णव असे आकडे छापलेले असत. प्रत्यक्षात गेम मोजकेच असत आणि तेच थोड्याफार फरकाने यादीत पुन्हा पुन्हा येत. कॉन्ट्राच्या एका नोंदीत तीन लाइफ, दुसरीत तीस, तिसरीत थेट मधल्याच टप्प्यापासून सुरुवात, तर आणखी एखादीत हातात पहिल्यापासून चांगले शस्त्र, असे प्रकार या यादीत सापडत. बटणांचा क्रम माहीत नसलेल्या मुलालाही केवळ यादीत दोन ओळी खाली गेल्यावर तीस लाइफ मिळत असत. अमेरिकेत जी गोष्ट मासिकांतून आणि मित्रांच्या तोंडून पसरलेले गुपित होती, ती येथे कॅसेटच्या यादीतच छापून आलेली होती.

दुसरा फरक रिमोटचा, म्हणजे हातात धरायच्या त्या चौकोनी बटणपट्टीचा. मूळ पट्टीवर उडी आणि गोळीसाठी ए आणि बी ही दोनच बटणे होती. नकली पट्ट्यांवर बहुधा त्यांच्या वर टर्बोची आणखी दोन असत आणि ती दाबून धरली की बटण आपोआप भराभर दाबले जाई. कॉन्ट्रातली सुरुवातीची साधी बंदूक प्रत्येक दाबाला एकच गोळी सोडते. मेल्यावर जमवलेले शस्त्र जाते आणि खेळाडू पुन्हा या साध्या बंदुकीवर येतो, हीच या गेमची सर्वांत कडक शिक्षा आहे, कारण एकदा मेलेला माणूस दुबळा होऊन लगेच दुसऱ्यांदा मरतो. टर्बोच्या बटणाने या शिक्षेची धार बरीच बोथट झाली.

तिसरा फरक फारसा कुणाच्या लक्षात आलेला नाही. जपान आणि अमेरिकेतले टीव्ही सेकंदाला साठ चित्रे दाखवत आणि गेमची गती त्या चित्रांना बांधलेली होती. भारतातली प्रसारणपद्धती पन्नास चित्रांची होती आणि अशा देशांसाठी बनलेली नकली यंत्रेही त्याच गतीने चालत. साठाच्या जागी पन्नास म्हणजे सगळा खेळ एक षष्ठांशाने संथ होतो. गोळी पडद्यावरून जरा हळू येते आणि उडी मारायचा निर्णय घ्यायला किंचित जास्त वेळ मिळतो. या सगळ्या सवलती एकत्र केल्या की ‘एका दुपारी संपवला’ या आठवणीत अतिशयोक्ती वाटत नाही.

मग सवलती काढून टाकल्यावर, तीन लाइफ आणि साध्या बटणांवर, कॉन्ट्रा किती अवघड राहतो? तो कठोर आहे, पण अन्यायी नाही, असे माझे मत आहे. उडी मारल्यावर हवेतच दिशा बदलता येते, आडवे पडून गोळी चुकवता येते आणि जंगलातल्या पाण्यात खालचे बटण दाबून बुडी मारली तर काहीच लागत नाही. तोफा, स्फोट होणारे पूल आणि शस्त्रे घेऊन उडणाऱ्या डब्या दर वेळी त्याच जागी येतात. काही सैनिकांचे येणे तेवढे बेभरवशाचे असते. एकाच वेळी पाच गोळ्या पंख्यासारख्या फेकणारे ‘एस’ हे शस्त्र हाती असेल आणि ते टिकवता आले, तर अर्धा गेम सोपा होतो. त्याच्या जागी चुकून गरगरत जाणारे ‘एफ’ उचलले, किंवा बटण पुन्हा दाबताच आधीचा किरण अर्ध्यात तुटणारे ‘एल’ उचलले, तर पुढची दोन मिनिटे जड जातात. त्याच काळातल्या ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’मध्ये उडी एकदा मारली की तिची दिशा बदलता येत नाही आणि खरा शेवट पाहायला संपूर्ण गेम दोनदा खेळावा लागतो. त्याच्याशेजारी कॉन्ट्रा ठेवला की फरक लगेच जाणवतो. सराव झालेला खेळाडू कॉन्ट्राचे आठही टप्पे अर्ध्या तासाच्या आत पार करतो.

काठिण्य सर्वत्र सारखेही नाही. पहिले चार टप्पे चार-पाच दिवसांत अंगवळणी पडतात. ऊर्जाक्षेत्रातल्या आगीच्या झोतांना आणि हँगरमध्ये वरून उतरणाऱ्या पंजांना मात्र हाताच्या वेगापेक्षा लय ओळखण्याची गरज असते, आणि बारा लाइफपैकी बहुतेक तिथेच खर्च होतात. धबधब्याचा टप्पा एकट्याला सोपा आहे, दोघांना नाही. पडदा वर सरकतो तो पुढे असलेल्याच्या हिशेबाने. वरच्या खडकावर पोहोचलेला भाऊ आणखी एक उडी मारतो, खालच्याच्या पायाखालचा खडक पडद्याबाहेर जातो, आणि तो शत्रूची एकही गोळी न लागता मरतो. दोघांनी एकाच उंचीवर राहून चढायचे, पुढच्याने प्रत्येक खडकावर थांबून मागच्याची वाट पाहायची, हे कळेपर्यंत घरोघरी भांडणे झाली आहेत. कॉन्ट्राच्या अवघडपणाच्या चर्चेत या टप्प्याला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळत नाही.

अलीकडच्या काळात या अटी आणखी बदलल्या. २०१९ मध्ये मालिकेतल्या जुन्या गेमचा अधिकृत संग्रह आला, त्यात हव्या त्या क्षणी खेळ साठवून ठेवण्याची सोय आहे. म्हणजे लाइफ मोजण्यालाच फारसा अर्थ राहत नाही. २०२४ मध्ये आलेल्या नव्या रूपात तर अनेक फटके सोसणारी जीवनपट्टी हवी की जुन्यासारखा एका गोळीत मृत्यू, हे खेळाडूला आधीच निवडता येते. दरम्यान हौशी अभ्यासकांनी १९८८ च्या गेमची संगणकीय आज्ञावली ओळीओळीने उलगडली आहे. तीनुसार शेवटच्या टप्प्यातल्या हृदयासारख्या काही मोठ्या शत्रूंची सहनशक्ती स्थिर नाही. खेळाडूच्या हातात शस्त्र जितके जोरदार तितकी ती वाढते, आणि गेम किती वेळा संपवला आहे यावरही वाढते, कारण कॉन्ट्रा शेवटच्या नामावलीनंतर थांबत नाही, मिळवलेले गुण कायम ठेवून पुन्हा जंगलापासून सुरू होतो. दुसऱ्या फेरीतले ते हृदय पहिल्या फेरीपेक्षा जास्त गोळ्या खाते. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेले नाही, कारण जिथे हे युद्ध चालते ते बेट स्फोटात नाहीसे होऊन नावे वर सरकू लागली की आम्ही यंत्राचे बटण बंद करून दुसरी कॅसेट लावत असू.