चिडका बिब्बा : बालकथांमधील तिरसट पात्रांची पार्श्वभूमी

नाशिकच्या जुन्या वाड्यांत डाव हरलेले मूल फुरंगटून बसले की बाकीची मुले त्याला 'चिडका बिब्बा' म्हणून चिडवत. हा शब्द किती नेमका आहे, हे ज्याच्या अंगावर बिब्बा उतला आहे त्यालाच कळते. वरून काळे आणि गुळगुळीत दिसणारे हे फळ फोडले की आतल्या तेलाने कातडीला फोड येतात, आणि तरीही टाचांच्या भेगांवर आजी तेच तेल जपून लावते.

मोठ्यांच्या रागाला मात्र आपल्या कथांत वेगळेच वजन होते. आपल्याच विचारांत हरवलेल्या शकुंतलेने स्वागत केले नाही, एवढ्या कारणावरून दुर्वासांनी शाप दिला. आजही तापट माणसाला आपण 'दुर्वासाचा अवतार' म्हणतो. याच दुर्वासांनी कुंतीच्या सेवेवर प्रसन्न होऊन तिला मंत्र दिला, ही बाजू मुलांना फारशी सांगितली जात नाही, याचे मला वाईट वाटते.

इंग्रजी कथांनी तिरसट माणसाला सुधारण्याचा मार्ग धरला. डिकन्सच्या 1843 मधील नाताळकथेतला कंजूष म्हातारा स्क्रूज एका रात्रीत बदलतो, 1957 मधील बालकथेतला, गावाचा नाताळ चोरू पाहणारा ग्रिंचही शेवटी सणात सामील होतो. डिस्नेच्या 1937 मधील स्नो व्हाइटच्या चित्रपटात सतत कुरकुरणारा बुटका तिच्या मदतीला मात्र सर्वांत पुढे धावतो, आणि हे चित्रण मला अधिक खरे वाटते, कारण घरोघरच्या रागीट आजोबांची माया अशीच असते.

खरा बदल 10 नोव्हेंबर 1969 रोजी अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' हा मुलांचा टीव्ही कार्यक्रम सुरू झाल्यावर दिसला. त्यातला ऑस्कर नावाचा कुरकुऱ्या बाहुला कचऱ्याच्या डब्यात राहतो, झाकण उघडून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर खेकसतो आणि पुन्हा आत जातो. पहिल्या वर्षी तो नारिंगी होता, पुढे हिरवा झाला. स्वभाव मात्र कोणी बदलायला लावला नाही. शेजारी त्याला आहे तसा धरून चालतात, आणि कुरकुर करणे म्हणजे वाईट असणे नव्हे, हे मुलांना उपदेशाविना समजते.

2006 मध्ये आलेल्या 'गली गली सिम सिम' या भारतीय आवृत्तीत त्याच्या जातीच्या पात्राचे नाव 'खडूसा' ठेवले गेले. खडूस हा शब्द आपल्या बोलण्यात इतका मुरलेला आहे, की नाशिकच्या मुलांना त्या नावाचा अर्थ विचारण्याची गरजच नव्हती.