मेनिन्जिओमाचं ऑपरेशन जनआरोग्य योजनेतून: अर्ज नेमका कुठे अडतो

मेंदू आणि मज्जारज्जूच्या आवरणातून वाढणारी गाठ म्हणजे मेनिन्जिओमा. यातल्या बहुतेक गाठी ग्रेड १ च्या, म्हणजे सगळ्यात सौम्य आणि सावकाश वाढणाऱ्या असतात. त्या कॅन्सर नसतात. नातेवाईक नेमके इथेच फसतात. ‘कॅन्सर नाही ना, मग योजनेत बसणार नाही’ असं कुणीतरी ठामपणे सांगतं आणि घरचे दागिने गहाण ठेवून खासगीत ऑपरेशन उरकून घेतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या महाराष्ट्रात एकत्रच राबवल्या जातात. त्यात मेंदूतल्या आणि मणक्यातल्या गाठी काढण्याची पॅकेजेस (ठरलेल्या दराचे उपचार) न्यूरोसर्जरीखाली आहेत. गाठ कॅन्सरचीच हवी अशी अट नाही. मात्र योजना कॅशलेस आहे. पैसे भरून ऑपरेशन केलंत, तर ते योजनेतून परत मिळत नाहीत. म्हणून आधी मंजुरी, मग ऑपरेशन.

पिवळं आणि केशरी रेशनकार्ड पूर्वीपासून चालतं, १ जुलै २०२४ पासून पांढरंही चालतं. संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, म्हणजे घरात आधी कुणावर उपचार झाले असतील तर तेवढे कमी. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे (योजनेच्या मदतनिसाकडे) रेशनकार्ड, आधार आणि रिपोर्ट द्यायचे. नोंदणी तो करतो. रुग्णालय अंगीकृत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. मान्यता विभागवार असते. हाडांच्या ऑपरेशनला मान्यता असलेल्या ठिकाणी न्यूरोसर्जरीला ती नसू शकते, तेव्हा ‘मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन इथे योजनेत होतं का’ असंच विचारा.

सगळ्यात जास्त अर्ज रेशनकार्डापाशी थांबतात. मेनिन्जिओमा पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो, आणि कागदावर नावाचा घोळ बायकांच्याच वाट्याला जास्त. आधारवर ‘सुमन’ आणि पुढे वडिलांचं नाव. रेशनकार्डावर ‘सुमनबाई’ आणि पुढे नवऱ्याचं. किंवा माहेरच्या कार्डातून नाव कमी झालेलं, पण सासरच्या कार्डात चढलेलंच नाही. ही दुरुस्ती तहसीलच्या पुरवठा विभागात होते आणि तिला वेळ लागतो. आजारी बाईला एका नावासाठी खिडकीवरून खिडकीवर फिरवणं संतापजनक आहे, पण आज पद्धत तीच आहे. डॉक्टरांनी एमआरआय लिहून दिला की त्याच दिवशी दोन्ही कार्डं शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडून बघा. छापील कार्डावर नाव असून भागत नाही, ते ऑनलाइन नोंदीतही असायला हवं. कार्डाचा १२ अंकी क्रमांक घेऊन खात्री करा.

दुसरी अडचण तपासणीची. मंजुरी देणारे डॉक्टर रुग्णाला बघत नाहीत, अपलोड केलेल्या फिल्म आणि रिपोर्ट बघतात. नुसता सीटी स्कॅन किंवा कॉन्ट्रास्टशिवाय (शिरेतून औषध न देता) केलेला एमआरआय असेल तर क्वेरी, म्हणजे मंजुरीआधीची विचारणा, येऊ शकते. कॉन्ट्रास्टमध्ये ही गाठ ठळक उजळते, आवरणाला चिकटलेली दिसते. पॅकेजही गाठीच्या जागेवरून ठरतं, म्हणून रिपोर्टमध्ये जागा स्पष्ट हवी. मणक्यात असेल तर कोणत्या मणक्याच्या पातळीवर, तेही. फिल्म आणि सीडी रुग्णालयात सोडून येऊ नका. क्वेरी आली तर उत्तर रुग्णालयाने द्यायचं असतं, तुम्ही फक्त रोज आरोग्यमित्राला विचारत राहा.

उलट्या, वाढती गुंगी, फिट थांबत नाही, पायांतली ताकद जातेय, लघवी अडली, अशा वेळी कागदांसाठी थांबू नका. तातडीच्या रुग्णाला फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे, कागद मागून देता येतात. मंजूर उपचारासाठी कुणी डिपॉझिट मागितलं तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर तक्रार करा.

योजनेत जमत नसेल तर धर्मादाय (ट्रस्टचं) रुग्णालय बघा. तिथे वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर राखीव खाटेवर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर निम्म्या खर्चात उपचार मिळतात. मुख्यमंत्री सहाय्यता निधीची उत्पन्नमर्यादा १ लाख ६० हजार आहे. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला चालू वर्षाचा लागतो, आणि खासगी रुग्णालयाच्या खर्चाच्या अंदाजपत्रकावर सिव्हिल सर्जनची सही लागते. मदत रुग्णालयाच्या खात्यात जाते. डिस्चार्ज झाल्यावर बिलं जोडून केलेले अर्ज फेटाळले जातात; रुग्ण दाखल असतानाच अर्ज करा.

ऑपरेशननंतर बायोप्सीचा (काढलेल्या गाठीच्या तपासणीचा) रिपोर्ट बहुतेक वेळा डिस्चार्जनंतर येतो आणि लोक तो आणायलाच जात नाहीत. गाठ ग्रेड २ किंवा ३ ची निघाली तर रेडिएशन लागू शकतं. त्याची मंजुरी वेगळी घ्यावी लागते आणि त्यासाठी हाच रिपोर्ट मागतात. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनच्या नोंदी आणि गाठ पूर्ण निघाली की काही भाग राहिला, हे लिहून घ्या. योजनेतली औषधं डिस्चार्जनंतर १० दिवसांपुरतीच असतात. फिटच्या गोळ्या त्यापुढेही चालू ठेवायच्या असतील, तर त्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतून कशा मिळतील हे घरी निघण्याआधीच विचारून घ्या. पैसे नाहीत म्हणून या गोळ्या अचानक बंद केल्या, तर फिट परत येऊ शकते.