स्टिअरिंग जड आणि बॉनेटखाली आवाज: आधी बेल्ट तपासा

ठाण्यात जोराचा पाऊस झाला की वंदना टॉकीजच्या परिसरात पाणी तुंबतं. त्यातून गाडी बाहेर काढली आणि स्टिअरिंग एकदम जड झालं, बॉनेटखालून चिरका आवाजही यायला लागला, तर बरेचदा पहिलं निदान होतं 'रॅक गेला'. रॅक म्हणजे स्टिअरिंगची फिरकी पुढच्या चाकांपर्यंत नेणारा दांडा; तो बदलणं हे खर्चाचं काम. पण ही दोन लक्षणं जोडीनं आली असतील, तर संशयितांच्या यादीत रॅक शेवटी येतो.

आधी गाडीत कोणतं स्टिअरिंग आहे ते बघा. स्विफ्ट, वॅगनआर यांच्यात ते इलेक्ट्रिक असतं: कॉलमवर मोटर बसवलेली, ऑइलही नाही आणि पंपही नाही. तिथे बॉनेटखालच्या आवाजाचा संबंध लागतो तो आडवाटेनं. बेल्ट घसरून अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारा, बॅटरी भरणारा जनरेटर) चार्ज करेनासा झाला की व्होल्टेज पडतो आणि कंट्रोलर मोटरची मदत कमी करतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट हवेत. १२.५च्या खाली आकडा असेल तर स्टिअरिंगला हात न लावता चार्जिंग बघावं.

जुन्या बोलेरो, इनोव्हासारख्या हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर स्टिअरिंग चालणाऱ्या, गाड्यांत इंजिनाच्या क्रँक पुलीवरचा बेल्ट स्टिअरिंगचा पंप फिरवतो. अनेक इंजिनांत अल्टरनेटर आणि वॉटर पंपही त्याच बेल्टवर असतात. बेल्टच्या रिबा (आतल्या बाजूचे लांब कंगोरे) आणि पुली यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर आला की पकड सुटते. बेल्ट क्षणभर चिकटतो, क्षणभर घसरतो, आणि या थरथरीचाच तो चिरका आवाज. स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर पंपावरचा दाब सर्वांत जास्त असतो, म्हणून आवाजही तेव्हाच वाढतो. पाणी उडून गेल्यावर दोन्ही त्रास थांबले तर उत्तमच; पण टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) तपासायचाच, कारण नीट ताणलेला बेल्ट सहसा इतक्यात दाद देत नाही. स्टिअरिंग जड होतानाच बॅटरीचा लाल दिवा लागला, तर बेल्ट तुटला किंवा उतरला असं समजा आणि गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ चढता चढताच इंजिन तापेल.

घसरण नेमकी कशामुळे, हे ओळखायला पाण्याचा फवारा पुरतो. इंजिन आयडलवर ठेवून, सैल बाह्या आणि ओढणी दूर ठेवून, बेल्टच्या रिबांकडच्या बाजूला थोडं पाणी मारा. आवाज वाढला तर ताण कमी आहे. काही सेकंद थांबून परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत. बेल्टला भेगा नाहीत म्हणून तो चांगला, असं धरू नये. हल्लीच्या ईपीडीएम रबराला भेगा फारशा पडत नाहीत, रिबा झिजत जातात.

चिरका नव्हे, घरघर असेल तर बेअरिंगवर संशय घ्या. इंजिन बंद करून बेल्टच्या मार्गाचा फोटो काढा, बेल्ट उतरवा आणि एकेक पुली हातानं फिरवा. खरखरली किंवा डुगडुगली की सापडली. तसंच बेल्टशिवाय इंजिन फार तर अर्धा मिनिट चालवून पाहावं. आवाज तरीही राहिला तर तो इंजिनाच्या आतला आहे.

वळताना 'घुंऽऽ' असा सूर निघत असेल तर स्टिअरिंग ऑइलची टाकी उघडा. पातळी कमी किंवा ऑइलवर फेस असेल तर पंपात हवा शिरते. तिचे बुडबुडे दाबाखाली फुटतात, त्याचा तो सूर. गंमत म्हणजे अशा वेळी खाली ठिपका पडलेला नसतो: टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या होझमध्ये ओढ असते, त्यामुळे सैल क्लॅम्पमधून ऑइल बाहेर पडण्याआधी हवाच आत येते. किरकोळ किमतीचा क्लॅम्प बदलून पंप वाचतो. वर भरायचं ऑइल मात्र झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच. लाल आणि हिरवं एकत्र करू नये.

रॅकवर संशय घ्यायचा तो एकाच बाजूला वळताना जड लागत असेल किंवा त्याच्या टोकाच्या रबरी बुटात ऑइल साचलं असेल तेव्हा.

पंपात शिरलेली हवा काढायला पुढची दोन्ही चाकं उचलून स्टँडवर ठेवा. इंजिन बंदच असू द्या. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश १५-२० वेळा फिरवा आणि टाकीतली पातळी खाली जाईल तसं ऑइल घालत राहा. मग इंजिन चालू करून पुन्हा काही वेळा फिरवा, पण टोकाला ५ सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, नाहीतर जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा राहून ऑइल तापतं. फेस उरला असेल तर गाडी तासभर उभी ठेवून हेच पुन्हा करावं.