जळालेला मॉसफेट बदलण्याआधी

इन्व्हर्टर बंद पडला की बहुतेकांचा हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. खरं तर तो बॅटरीच्या टर्मिनलकडे जायला हवा. 1000 वॅटचा लोड चालवायचा तर 12 व्होल्टच्या बॅटरीतून 83 अँपिअर लागतात आणि इन्व्हर्टरमध्येच वाया जाणारी ऊर्जा धरली तर 90च्या आसपास. एवढ्या प्रवाहाच्या वाटेत गंजलेल्या टर्मिनलचा 0.02 ओहम रोध आला, तरी 1.8 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि तो जोड 160 वॅटनं तापतो. बॅटरी भरलेली असूनही इन्व्हर्टरला ती उतरलेली वाटते आणि तो बीप बीप करत बंद होतो. लोड नसताना मोजलं तर सगळं ठीक दिसतं, म्हणून मोजायचं ते लोड चालू असताना: एकदा बॅटरीच्या पोलवर, एकदा इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर. दोन आकड्यांत चांगलाच फरक आला, तर दोष वायरीत किंवा जोडात आहे. पेटी उघडायचं कारणच नाही.

फ्यूज उडालेला असेल तर मात्र उघडावी लागते. (फ्यूजच्या जागी जाड तार घालणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.) बॅटरी आणि मेन्स दोन्ही सोडवा, तरी लगेच आत हात घालू नका. हल्लीच्या हलक्या इन्व्हर्टरमध्ये बॅटरीचा डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या फेराइट ट्रान्सफॉर्मरनं 300 व्होल्टच्या वर नेतात आणि मग त्याचा 50 हर्ट्झचा एसी करतात. मधल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये (चार्ज साठवणाऱ्या भागात) तो दाब (व्होल्टेज) वीज तोडल्यावरही टिकून राहतो. तो रेझिस्टर लावून उतरवायचा आणि शून्य झाल्याचं मीटरवर पाहायचं.

आता हीटसिंकवरचे, म्हणजे उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या पट्टीवरचे, मॉसफेट. हे तीन पायांचे इलेक्ट्रॉनिक स्विच: ड्रेन आणि सोर्स या दोन पायांमधून प्रवाह जातो आणि तिसरा पाय, गेट, तो चालू-बंद करतो. चालू-बंदचं काम तेच करतात आणि मरतातही बहुधा तेच, तेही शॉर्ट होऊन. मल्टीमीटर डायोड मोडवर ठेवून लाल प्रोब सोर्सला आणि काळा ड्रेनला लावला, की चांगला एन-चॅनल (इथे वापरतात त्या प्रकारचा) मॉसफेट 0.4 ते 0.6 व्होल्ट दाखवतो. प्रोब उलटे केले तर काहीच नाही. दोन्हीकडून शून्याजवळ आकडा आला तर शॉर्ट आहे. पण तपासण्याआधी तिन्ही पाय क्षणभर एकमेकांना जोडा. गेटवर उरलेला चार्ज चांगल्या मॉसफेटलाही चालू ठेवतो आणि तो उगाच कचऱ्यात जातो. शिवाय तीन-चार समांतर असतील तर एक शॉर्ट झाला की सगळेच शॉर्ट दिसतात. पाय सुटे केल्याशिवाय नेमका कोण ते कळत नाही.

सापडला, बदलला, झालं असं मात्र नाही. मॉसफेट शॉर्ट होताना ड्रेनचा दाब गेटवर येऊन गेटचा रेझिस्टर आणि मागचा ड्रायव्हरही (गेटला चालू-बंदचा दाब देणारा भाग) जळू शकतो. पूर्ण उघडलेल्या, म्हणजे पूर्ण चालू झालेल्या, आयआरएफ3205 या मॉसफेटचा रोध जेमतेम 8 मिलिओहम असतो. 30 अँपिअर वाहिले तरी उष्णता 7 वॅटच. दुबळ्या ड्रायव्हरमुळे तोच अर्धवट उघडला आणि त्याच्यावर 3 व्होल्ट पडले, तर 90 वॅट! नवा मॉसफेट काही सेकंदांत जुन्याच्या वाटेनं जातो. म्हणून मॉसफेट बसवण्याआधी फक्त कंट्रोल भागाला वीज द्या. तिथे चालू-बंदचे इशारे तयार करणारा टीएल494 आयसी असेल तर 14 नंबरच्या पिनवर 5 व्होल्ट हवेत आणि दोन्ही बाजूंच्या गेटवर मीटरचा आकडा सारखा हवा. एका गटातले सगळे मॉसफेट एकदमच बदलावेत, तेही एकाच नंबरचे.

पहिल्यांदा चालू करताना बॅटरीच्या पॉझिटिव्ह वायरीत गाडीचा 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब मालिकेत घाला. आत शॉर्ट उरला असला तरी बल्ब प्रवाह 2 अँपिअरच्या आत रोखतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत पेटूनच राहिला तर शॉर्ट अजून आत आहे. बल्बमुळे दाब पडून लो-बॅटरीचा बीप येईल, तो दोष समजू नका.

शेवटी बल्ब काढून आउटपुट मोजताना एक घोळ होतो. ज्या इन्व्हर्टरची लहर साइनऐवजी पायऱ्यांची असते, त्याचे खरे 230 व्होल्ट साधं मीटर 180च्या आसपास दाखवू शकतं, कारण ते सरासरी मोजून साइन लहरीच्या हिशोबानं आकडा देतं. तिथे ट्रू-आरएमएस मीटरच हवं, म्हणजे कुठल्याही आकाराच्या लहरीचा खरा दाब दाखवणारं. नाहीतर दुरुस्त झालेल्या इन्व्हर्टरचा प्रीसेट (आउटपुट कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू) पिळून दाब वाढवला जातो आणि पहिलं जोडलेलं उपकरण जळतं.