केबल मोडेमची निवड

केबल मोडेम म्हणजे केबल टीव्हीच्या कोअ‍ॅक्सियल तारेतून येणाऱ्या रेडिओ संकेतांचे संगणकाला कळणाऱ्या माहितीत रूपांतर करणारे आणि घरातली माहिती त्याच तारेने कंपनीकडे पाठवणारे यंत्र. अमेरिकेत असंख्य घरांचे इंटरनेट याच तारेवर चालते. तिथे मोडेम कंपनीकडून मासिक भाड्याने मिळते किंवा बाजारातून स्वतःचे आणून जोडता येते. स्वतःचे मोडेम वापरणाऱ्याकडून कंपनीने मोडेमभाडे घेऊ नये, असे २०१९ च्या एका संघीय कायद्यात स्पष्ट केले आहे. स्वतःचे घेतले की भाडे वाचते, मात्र योग्य यंत्र निवडण्याची जबाबदारीही ग्राहकावर येते.

मोडेम आणि कंपनीचे केंद्र ‘डॉक्सिस’ या प्रमाणानुसार एकमेकांशी बोलतात. केबललॅब्स या संस्थेने त्याची पहिली आवृत्ती १९९७ मध्ये काढली. २००६ च्या ३.० आवृत्तीने अनेक वाहिन्या (टीव्हीचे चॅनेल नव्हे, तर माहिती वाहून नेणारे तारेतले वारंवारतेचे पट्टे) एकत्र बांधण्याची सोय आणली आणि खरा वेग तिथून वाढला. २०१३ मध्ये ३.१ आली; तिने त्याच तारेत कितीतरी जास्त माहिती बसवली.

खोक्यावरचा वेगाचा आकडा कुठून येतो, हे समजून घ्यायला हवे. अमेरिकेत एक वाहिनी ६ मेगाहर्ट्‌झ रुंद असते आणि जुन्या पद्धतीने तिच्यातून सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट माहिती प्रत्यक्ष मिळते. आठ वाहिन्यांचे मोडेम म्हणजे जेमतेम ३०० मेगाबिट. हा जास्तीत जास्त आकडा; शिवाय त्या वाहिन्या शेजारपाजारच्या घरांतही वाटल्या जातात. त्यामुळे ३०० च्या योजनेला आठ वाहिन्यांचे यंत्र घेऊ नये. नवीन घ्यायचेच असेल तर ३.१ चे घ्यावे. योजना एक गिगाबिटच्या पुढची असेल तर मोडेमवर २.५ गिगाबिटचे पोर्टही हवे, कारण साध्या गिगाबिट पोर्टमधून प्रत्यक्षात ९४० मेगाबिटच्या आसपासच बाहेर पडते. याउलट १०० मेगाबिटच्या योजनेवर कितीही महागडे मोडेम लावले तरी वेग १०० च्या फारसा पुढे जात नाही. मोडेम सुरू होताना कंपनीकडून एक फाइल उतरवून घेते आणि वेगाची मर्यादा तीच फाइल ठरवते.

सुसंगततेचा शेवटचा शब्द दुकानदाराचा नव्हे, कंपनीचा. प्रत्येक कंपनी मान्य मोडेमांची यादी ठेवते. पैसे मोजण्याआधी त्या यादीत नेमका मॉडेल क्रमांक शोधावा, नुसते ब्रँडचे नाव नव्हे. लँडलाइन फोनही केबलवरच असेल तर फोनचे पोर्ट असलेले वेगळे मोडेम लागते. जुने मोडेम स्वस्तात मिळते खरे, पण त्याचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राचा स्वतंत्र ओळख क्रमांक, आधीच्या मालकाच्या खात्यावर अडकलेला असेल तर कंपनी ते चालू करत नाही. चिपही पाहावी : इंटेलच्या प्युमा ६ चिपवरच्या मोडेमांत प्रतिसाद मधूनच लांबण्याचा दोष २०१६ मध्ये उघड झाला होता. व्हिडिओ कॉल आणि गेम यांना तो फार जाचतो.

अपलोडकडे खरेदीच्या वेळी कुणी पाहत नाही, आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक तिथेच होते. अमेरिकेत जुनी मोडेमे घरातून बाहेर जाणाऱ्या माहितीसाठी ५ ते ४२ मेगाहर्ट्‌झ एवढाच पट्टा वापरतात. आता कंपन्या तो ८५ किंवा २०४ पर्यंत वाढवत आहेत. पण तो वापरू न शकणाऱ्या मोडेमला त्या सुधारणेचा काहीच लाभ नाही.

मोडेम बदलूनही वेग येत नसेल तर आधी तार तपासावी. टीव्हीसाठी लावलेला एक साधा दुहेरी स्प्लिटर, म्हणजे तारेला दोन फाटे फोडणारा जोड, संकेत सुमारे ३.५ डेसिबलने, म्हणजे निम्म्याहून अधिक क्षीण करतो.

महाराष्ट्रात मुंबई-पुण्यात हॅथवेसारख्या कंपन्यांनी केबल मोडेमवर इंटरनेट दिले. आता मात्र बहुतेक नव्या जोडण्या फायबरच्या असतात. त्यांना ओएनटी नावाचे वेगळे यंत्र लागते आणि ते सहसा कंपनीच बसवते. अमेरिकेतून परतताना सामानात आणलेले केबल मोडेम अशा जोडणीवर चालत नाही.